तिसरी पिन
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजक म्हणाले, "तू ॲम्प्लिफायर दुरुस्त करतोस, त्यावरच बोल." बोलतो, पण आधी एक जुनी कबुली. आपल्या दहावीच्या स्नेहसंमेलनात निवेदन करणाऱ्या मुलीला माइकचा झटका बसला होता, आठवतं? ती माइक टाकून मागे कोलमडली. खालून कोणीतरी ओरडलं, "काय व्हयनं रे भो?" सगळ्यांनी वायरमनला बोल लावला. तो उद्योग माझा होता.

गाण्यांचा टेपडेक एका बोर्डावर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या; दोघांनाही अर्थ. त्या दोन अर्थांचं वर्तुळ तयार झालं आणि कर्ण्यातून गुरगुर येऊ लागली. प्लगमधली अर्थची वायर काढली की गुरगुर जाते, असं ऐकलं होतं. ॲम्प्लिफायरची काढली. गेली! टेपडेकची केबल जोडलेली होती तोवर तिच्या जाळीतून ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला अर्थ मिळत होता. नाच संपले, मी ती केबल उपसली, आणि निवेदन सुरू झालं. जुन्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन खराब होतं. गळणारी वीज माइकच्या लोखंडी अंगातून थेट तिच्या हातात. गुरगुर घालवायची ती सिग्नलच्या बाजूने, मधे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावून. हे मला फार पुढे कळलं.

आज टेबलावर तोच मोह वेगळ्या रूपात येतो. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची मगरक्लिप आतून प्लगच्या तिसऱ्या पिनेला, म्हणजे सरळ जमिनीला जोडलेली असते. लग्नसराईत बँडच्या गाड्यांवरचे ॲम्प्लिफायर येतात. त्यातल्या ब्रिज जोडणीत स्पीकरच्या दोन्ही टोकांवर सिग्नल असतो. पत्रा अर्थला असताना ती क्लिप एका टोकाला लावली, की निम्मं सर्किट शॉर्ट. एसएमपीएसच्या मेनबाजूला तर सव्वातीनशे व्होल्ट डीसी. तिथे लावली की भडकाच. मग कारागीर काय करतो? स्कोपची पिन कापतो. आता क्लिप जिथे लावाल तितके व्होल्ट स्कोपच्या पत्र्यावर, आणि आपला हात बटणांवर.

स्कोपला हात लावायचा नाही. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर दुरुस्तीचा सेट घ्यायचा. ब्रिजचं आउटपुट दोन प्रोबनी, दोन चॅनेलची वजाबाकी करून बघायचं. क्लिपा फक्त पत्र्याला. आयसोलेशनच्या पुढे आरसीसीबी वाचवत नाही, म्हणून एक हात खिशात. पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये शंभर वॅटचा साधा बल्ब. तो लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट. स्पीकरऐवजी 8 ओहमचा जाड रेझिस्टर. त्यावर 28 व्होल्ट मिळाले की सुमारे 100 वॅट झाले, आणि शेजारी भांडायला येत नाहीत.

पण तिसरी पिन शाबूत असून भागत नाही, ती जिथे पोचते ती जमीन बघा. तापीकाठची आपली काळी माती मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपाला सोडून देते. वायरमन फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून म्हणतो, "पेटला, अर्थिंग चांगलं." अर्थचा रोध 50 ओहम असला तरी तो बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो, कारण तो अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. अशा अर्थवर फेज पत्र्याला चिकटला तर प्रवाह साडेचार अँपिअर. 16 अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलत नाही, पत्रा जिवंतच राहतो. म्हणून लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच, आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी.

आज सकाळी या मंडपाचं अर्थिंग टेस्टरने मोजलं. आकडा आवडला नाही. दोन बादल्या पाणी ओतलं, तासाभराने पुन्हा मोजलं, मगच ॲम्प्लिफायर लावू दिला. संयोजक वैतागले होते, चहा उशिरा झाला.

ती निवेदिका समोर दुसऱ्या रांगेत बसली आहे. बाई, तेव्हा घाबरून बोललो नाही, माफ कर. पुढचं निवेदन तुझंच आहे. माइक हातात घ्यायचा की स्टँडवरच ठेवायचा, तूच ठरव.