पाहुण्या किवीची रात्र

न्यूझीलंडचा किवी हा निशाचर पक्षी. दृष्टि मंद, परंतु नाकपुड्या चोंचीच्या टोकाशीं असल्यानें अंधारांत तो वासावरून किडे शोधतो. माओरी लोक त्यास अमोल ठेवा मानतात. अमेरिकेंतील मायामीच्या प्राणिसंग्रहालयांत मात्र ‘पाओरा’ नांवाचा किवी प्रखर उजेडांत आणून, पैसे घेऊन, लोकांस कुरवाळूं देत. २०२३ च्या मे महिन्यांत तें चित्रण न्यूझीलंडांत पोंचलें, लोक संतापले. संग्रहालयानें क्षमा मागून तो प्रकार बंद केला.

किवी दाखवावा कसा? दालनांत दिवसा अंधुक उजेड ठेवावा, रात्रीं दिवे लावावे. म्हणजे आपल्या दिवसा त्याची रात्र होते. घटकाभर निमूट उभें राहूनही तो दिसला नाहीं, तरी पैसे वायां गेले असें मानूं नये. त्याची रात्र आपण राखली, हें थोडें नव्हे.