वळचणीची बाळंतीण

(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



कार्यवाह बाईंनी "एखाद्या घरगुती विषयावर चार शब्द बोला" म्हणून सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आजवर मी मागच्या सतरंजीवर बसून ऐकत आले. पुढे उभे राहण्याची ही पहिलीच वेळ. पण म्हटले, सध्या चैत्र चालू आहे. आणखी महिन्याभरात घरोघरी शाकारणीला गडी येतील, कौले परततील, भिंतींच्या फटी बुजवतील. त्याच वेळी वळचणीला चिमण्यांची, साळुंक्यांची घरटी भरलेली असतात. त्यांचे काय करायचे, हा प्रश्न तुम्हाआम्हाला दरवर्षी पडतो. मीही एकदा तो सोडवला होता आणि फार वाईट रीतीने सोडवला होता. तेच आज सांगणार आहे.

आधी एक कबूल करते. पाखरांचा त्रास होतो. "मुक्या जिवांवर दया करावी" असे म्हणणे सोपे असते. केर काढावा लागतो तो आपल्याला. आमचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे, वर मंगलोरी कौले. भिंतीचा माथा आणि वासे यांच्यामध्ये जी फट राहते, ती म्हणजे चिमणीचे माहेरच. स्वयंपाक करताना वरून गवताची काडी वरणात पडते. देव्हाऱ्यापुढे नुकतेच सारवावे, रांगोळी घालावी, तो वरून प्रसाद येतो. जुन्या घरट्यातले बारीक किडे अंथरुणात उतरले की रात्रभर अंग खाजते. शिवाय चिमणी गवत कोंबते ते पावसाच्या दृष्टीने वाईट. वाऱ्याने झोडपलेले पाणी कौलाखाली शिरते, त्या गवतात मुरते आणि भिंतीवरून ओघळ उतरतात. आमच्या माजघराच्या भिंतीवर असा ओघळ दोन पावसाळे उतरत होता. तेव्हा फटी बुजवायच्या ठरवल्या यात माझी चूक नव्हती. चूक झाली ती वेळेची.

२०१७ सालच्या वैशाखातली गोष्ट. कौले परतून झाली होती आणि गवंडी फटींना सिमेंट लावीत होता. माजघरावरच्या फटीशी आला तेव्हा शिडीवरूनच त्याने विचारले, "वहिनी, हितं गवात दिसतंय. आत काय हाय का बघू?" माझ्यामागे कामाची घाई. गड्यांचे जेवण व्हायचे होते, आभाळ भरून आले होते. मी खालूनच म्हटले, "असेल मागच्या वर्षीचे. लाव तू सिमेंट." त्याने लावले. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही; त्याने विचारले होते.

संध्याकाळी अंगणात कपडे काढायला गेले, तर चिमणाचिमणी त्या ओल्या सिमेंटला चिकटून फडफडत होती. चिमणीच्या चोचीत हिरवी अळी होती. खाली यायची, तारेवर बसायची, परत वर जायची. मी पाहिले आणि आत आले. खरे सांगते, मला कळले होते. पण कळले नाही असे मी स्वतःला समजावले.

आमची धाकटी तेव्हा चार वर्षांची होती. सासूबाई तिला मांडीवर घेऊन भात भरवीत होत्या, "हा घास चिऊचा, हा घास काऊचा." त्याच माजघरात, त्याच भिंतीखाली. मध्येच हात थांबवून सासूबाई म्हणाल्या, "अगो, भिंतीत काहीतरी चिवचिवतंय." मी म्हटले, "उंदीर असेल." त्या काही बोलल्या नाहीत. पण रात्री मला झोप लागली नाही. कान लावला की ऐकू यायचे, मग ऐकू येईनासे झाले. ते ऐकू येईनासे झाले, तेच जास्त वाईट होते.

पहाटे ह्यांना उठवले. ह्यांनी शिडी लावली, छिन्नीने सिमेंट फोडले. आत चार पिल्ले होती. दोन गेलेली होती. तिसरे माझ्या ओंजळीत धुगधुगत होते, ते दुपारपर्यंत गेले. चौथे जगले.

भगिनींनो, त्या दिवशी मला जे वाटले त्याचे वर्णन करीत नाही. आपण सगळ्या आया आहोत. एवढेच म्हणते की पोराला चिऊचा घास भरवणाऱ्या घरात चिऊचीच पोरे उपाशी मेली, आणि ती माझ्या आळसाने मेली. शिडीवर चढून वाकून पाहायला दोन मिनिटे लागली असती.

आता त्या चौथ्या पिलाचे सांगते, कारण त्यातून मी एक गोष्ट शिकले. आपल्यात म्हणतात की माणसाचा हात लागलेले पिलू चिमणी घेत नाही, इतर चिमण्या त्याला टोचून मारतात. सासूबाईही तेच म्हणाल्या. पण आमचा हात तर लागून गेला होता. ह्यांनी पिलू परत गवतात ठेवले आणि आम्ही सगळी दाराआडून पाहत राहिलो. थोड्या वेळाने चिमणी आली, आत डोकावली, गेली, आणि अळी घेऊन आली. पुढे शिकलेल्या माणसांकडून कळले की ती समजूत खोटी आहे. चिमणी पिलाला माणसाच्या वासावरून टाकून देत नाही. ते पिलू आठनऊ दिवसांनी उडाले. सासूबाई आज पुढेच बसल्या आहेत. त्या साक्षीला आहेत.

तेव्हापासून मी पाहायला लागले. पुस्तकात वाचले ते थोडे, वळचणीकडे पाहून कळले ते जास्त. चिमणी साधारण तीन ते पाच अंडी घालते. अकरा ते चौदा दिवस ती उबवायची. पिल्ले फुटली की आणखी पंधरा दिवसांत ती उडतात. म्हणजे पहिल्या अंड्यापासून सगळा हिशेब केला तर महिना, फार तर सव्वा महिना. हा सव्वा महिना ऐकून तुम्हाला काही आठवले का? आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना कोणी हलवीत नाही. भाडेकरीण असली तरी घरमालक तेवढे दिवस थांबतो. मग वळचणीच्या बाळंतिणीला तेवढे दिवस देणे काही फार नाही. सव्वा महिना सरला की फट खुशाल बुजवा. घर आपले आहे. माझे सांगणे एवढेच, बाकी सगळा तपशील आहे.

तो तपशीलही सांगते, कारण उपयोग त्याचाच.

आत काय चालले आहे हे शिडी न लावताही ओळखता येते. चोचीत काडी, पीस, कापूस दिसला तर घरटे बांधणे चालू आहे. अशा वेळी फट बंद करायला हरकत नाही. चिमणी दुसरी जागा शोधील. रिकाम्या चोचीने आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही, तर अंडी आहेत. चोचीत अळी-किडा घेऊन आत जाते आणि लगेच बाहेर येते, तर पिल्ले आहेत. कधी चोचीत पांढरी पुडीसारखी वस्तू घेऊन बाहेर पडते. तो पिलांचा मळ असतो. बाळाचे लंगोट आपण बदलतो, तसेच ते. या दोन अवस्थांत सिमेंटला हात लावू नये. गवंड्याला सांगावे, "बाकीच्या फटी भर, एवढी एक शेवटी ठेव." आणि जे काम थांबवता येत नाही, त्याआधी स्वतः वर चढून पाहावे. गड्यावर ढकलू नये.

शेवटचे पिलू उडाले की मात्र दिरंगाई नको. आठवड्याभरात चिमणी त्याच जागी पुन्हा अंडी घालू शकते, मग पुन्हा सव्वा महिना. दोनतीन दिवस पाहावे, ये-जा थांबली असली तर जुने घरटे काढावे. काढण्याआधी त्यावर पाणी शिंपडावे, नाकातोंडाला पदर बांधावा, हातात पिशवी घालावी. वाळलेली धूळ छातीत जाणे चांगले नाही. मग साबणाने हात धुवावे आणि फट बुजवावी.

फट बुजवली की त्याच बाजूला, पडवीच्या पाखाखाली एक लाकडी खोका टांगावा. भोक सव्वा इंचाचे पुरे. चिमणी जाते, साळुंकी जात नाही. माणसाच्या डोक्यावरून बरेच उंच, उन्हापावसाबाहेर, मांजर उडी मारील अशा कठड्यापासून दूर आणि पंख्यापासून तर फारच दूर. पंख्याच्या वाटीत घरटे होऊ देऊ नका. फिरत्या पंख्याने किती चिमण्या जातात हे तुम्ही पाहिले असेल. खोक्यात सुतळी, मांजाचे तुकडे ठेवू नयेत. पिलांच्या पायांत ते गुरफटतात. आमच्या खोक्याकडे पहिले वर्षभर कोणी फिरकले नाही. दुसऱ्या वर्षी जोडी आली. आता माजघराची भिंत कोरडी आहे आणि चिमण्या पडवीत आहेत.

पिलू खाली पडले तर दोन प्रकार. अंगावर पिसे नसतील तर उचलून परत घरट्यात ठेवावे. पिसे फुटलेले, टुणटुण उडणारे असेल, तर ते उडायला शिकते आहे. मांजर हाकलावे, उंचशा फांदीवर ठेवावे आणि बाजूला व्हावे. आई जवळपास असते. चोच उघडून दूध-पाणी ओतू नये. ठसका लागून मरते.

पारव्यांचे थोडे निराळे. ते बाराही महिने अंडी घालतात, एका वेळी दोन, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ दमेकऱ्यांना बाधते. २०२५ साली मुंबईत कबुतरखाने बंद करण्यावरून केवढा वाद झाला ते तुम्ही वाचलेच असेल. त्यांना दाणे घालू नयेत, गच्चीच्या फटींना जाळी लावावी. पण तीही पिल्ले आत नसताना.

आणि घुबडाचे. आमच्या आळीत एका घरी माळ्यावर रात्री फुसफुस आवाज येई. खाली जमिनीवर केसांच्या आणि बारीक हाडांच्या गोळ्या पडत. घरच्यांना करणी वाटली, धूर करायचे ठरले. शेवटी दिवसा बॅटरी लावून पाहिले, तर गव्हाणी घुबडाची पिल्ले. घुबड उंदीर अख्खा गिळते आणि न पचलेले केस व हाडे गोळी करून टाकते, तीच ती करणी. ज्या माळ्यावर भाताची पोती ठेवायची, तिथे फुकटचा राखणदार! त्याचे बाळंतपण मात्र लांबते, तीन महिने धरून चाला.

कायदाही आपल्याला माहीत असावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित पक्ष्यांची अंडी फोडणे, घरटी विसकटणे याला शिकारच म्हटले आहे. पण कायद्याच्या भीतीने थांबा असे मी म्हणणार नाही.

कोणी म्हणेल, चिमण्यांना रान नाही का? तर खरोखरच नाही. घरचिमणी माणसाच्या वस्तीला धरून राहणारी आहे. आपण कौले काढून स्लॅब टाकतो, फट म्हणून ठेवीत नाही. अंगणात फरशी आली, किडामुंगी गेली, पिलांना भरवायचे काय? मोठ्या शहरांतून चिमण्या कमी झाल्या म्हणून नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला चिमणी दिन पाळतात. थोर पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनीही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कुठली, हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून त्यांचा जन्माचा अभ्यास सुरू झाला. त्यांच्याशी माझी बरोबरी नाही. पण मेलेल्या चिमणीने माणसाला शहाणे केले, एवढे आमच्यात सारखे आहे.

तर येत्या वैशाखात गवंडी शिडीवरून विचारील, "वहिनी, आत काही आहे का बघू?" तेव्हा "बघ" म्हणा. त्याने नाही विचारले, तर तुम्ही विचारा. माझे बोलणे लांबले. पन्हे गरम होत असेल. चुकले-माकले असेल ते पदरात घ्यावे आणि मला रजा द्यावी.