यंत्राबरोबर काय विकत घ्यावे?



युनियनच्या माणसाने बोनस, महागाईभत्ता यांवर बोलावे. लॅपटॉपशी त्याचा काय संबंध, असे काहींना वाटले असेल. पण आज सभासदांची यादी, प्रॉव्हिडंट फंडाचे अर्ज, कोर्टाचे कागद, सारे त्या पेटीतच असते. तेव्हा पेटीची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न आमच्या कामातलाच आहे.

लॅपटॉप घेताना आपण दोन वस्तू घेतो. एक डोळ्यांना दिसते. दुसरी म्हणजे यंत्र चालविणारी प्रणाली. बहुतेक यंत्रांत ‘विंडोज’ आधीच भरलेली असते. तिची किंमत बिलात वेगळी लिहीत नाहीत, आणि ती नको म्हणण्याची सोय दुकानात क्वचितच असते. ‘विंडोज १०’ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. पुढील आवृत्तीला ठरावीक सुरक्षा-चिप लागते; ती नसलेली कित्येक धडधाकट यंत्रे एका तारखेने निकामी गणली गेली. मोडली म्हणून नव्हे, कंपनीने ठरविले म्हणून.

दुसरी वाटही आहे. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्झ याने ‘लिनक्स’चा गाभा लोकांसमोर ठेवला. तिचा परवाना सांगतो : वापरा, उघडून पाहा, बदला, दुसऱ्याला द्या, मात्र बदललेली प्रत वाटलीत तर घेणाऱ्यालाही हेच हक्क द्या. आमच्या जुन्या गिरणी-कामगारांना हे लवकर कळते. माग अडला की जॉबर पाना घेऊन तो उघडी; त्यासाठी त्याला मँचेस्टरची परवानगी काढावी लागत नसे.

मुक्त म्हणजे केवळ फुकट, असा समज मात्र करून घेऊ नये. ‘डॉस’चा म्हणून दुकानात जो स्वस्त लॅपटॉप मिळतो, ते रिकामे भांडे असते. पुष्कळदा त्यात चोरीची विंडोज भरून देतात. असली बचत युनियनच्या कचेरीला शोभत नाही.

मग लिनक्स घरी का घालू नये? घालता येते, हौस असेल त्याने जरूर घालावी. पण वायफाय चालत नाही, झाकण लावल्यावर यंत्र नीट झोपत नाही, बोटाचा ठसा ओळखत नाही, तेव्हा जाब कोणाला विचारणार? कामगाराच्या वाट्याला आठवड्यात एकच रविवार येतो. तो यात घालवा, असे आम्ही सांगणार नाही. कारखान्यातूनच लिनक्स भरून आलेले यंत्र घेतले, की या भागांचे उत्तर देणे उत्पादकाकडे येते. शिवाय त्याच्या विक्रीच्या हिशेबात आपण लिनक्सचे गिऱ्हाईक म्हणून मोजले जातो. मोजले जाण्याचे महत्त्व युनियनवाल्याला कोणी शिकवायला नको!

अशी यंत्रे मिळतात. अमेरिकेतील डेन्व्हरची ‘सिस्टम७६’ कंपनी २००५ साली याच धंद्यासाठी निघाली. डेलने २०१२ साली विकसकांसाठी ‘उबंटू’ भरलेला लॅपटॉप काढला. लेनोवोने २०२० साली थिंकपॅडवर ‘फेडोरा’ दिली. आपल्याकडे निवड तोकडी आहे. म्हणून नमुन्याचा पूर्ण क्रमांक पाहावा. त्याच नावाच्या दोन यंत्रांत प्रणाली वेगवेगळी असू शकते.

अडचणी लपवून आम्हांला सभासद करावयाचे नाहीत. हिशेबाचे काही प्रचलित कार्यक्रम लिनक्सवर सरळ चालत नाहीत. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेली मराठी पत्रके आधी रूपांतरित करावी लागतात. आमच्या कचेरीत हे काम अजून चालू आहे. नवे मराठी टंकलेखन मात्र इनस्क्रिप्ट कळफलकाने सुरळीत होते. प्रिंटर जुना असेल तर त्याचा क्रमांक लिहून न्यावा. सर्वांत जास्त खोळंबा डिजिटल सहीच्या टोकनचा होतो. त्याच्या उत्पादकाने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला आहे का, हे पैसे मोजण्यापूर्वी विचारावे. आणि शक्य तर टोकन खिशात घालूनच दुकानात जावे.