जुन्या छायाचित्रांची पारख
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या घराघरांत भिंतीवर किंवा ट्रंकेच्या तळाशी पूर्वजांची छायाचित्रे आहेत. “हे कोण?” या नातवंडांच्या प्रश्नाला उत्तर देणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत. अशा वेळी अंदाजाने नाव ठेवले, तर परक्यालाच पणजोबा समजून आपण हार घालीत राहू. या कामी छायाचित्राचा कागदच साक्ष देतो.

छायाचित्रणाची कला १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यात होते. त्या काळापासून सुमारे १८९० पर्यंत अंड्यातील पांढऱ्या भागाचा लेप दिलेला कागद प्रचारात होता. तो अतिशय पातळ, म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवीत. त्याचा रंग तपकिरी, उजळ भाग पिवळट. भिंगाखाली कागदाचे तंतू स्पष्ट दिसतात.

१८८० नंतर जिलेटिनचा कागद आला आणि शतकाच्या अखेरीस रूढ झाला. त्याचा रंग बहुधा काळा-करडा. तंतू लेपाखाली झाकलेले असतात आणि गडद भागांच्या कडेला पुष्कळदा रुपेरी झाक चढते. प्लॅस्टिकचा थर दिलेला गुळगुळीत कागद तर १९७० च्या सुमाराचा.

आता समजा, १८७५ साली निवर्तलेल्या पणजोबांचे म्हणून दाखविले जाणारे चित्र जिलेटिनच्या कागदावर आहे. तर ते जुन्या काचेवरून किंवा चित्रावरून मागाहून छापलेले असले पाहिजे, नाहीतर चित्रातील गृहस्थ दुसरेच! नकलेत मूळ चित्राच्या कडा वा ओरखडे कधी कधी उतरलेले दिसतात. तात्पर्य, कागद छपाईचा काळ सांगतो. माणसाचे नाव सांगत नाही. ते वडीलधाऱ्यांनाच विचारावे लागते.

म्हणून विनंती अशी की, चौकटीत बसावे म्हणून पुठ्ठा कापू नका. त्यावर छायाचित्रकाराचे नाव-गाव असते. चित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नावे लिहा. पुरुषांची नावे कशीबशी टिकतात, स्त्रियांची मात्र ‘अमक्याची आई’ एवढ्यावर लोपतात. त्यांची सासरची व माहेरची दोन्ही नावे अवश्य लिहा. घरी वृद्ध माणूस असेल, तर हे काम पुढील संमेलनावर ढकलू नका.