लॅपटॉपचं झाकण आपणच उघडू या

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या प्रशिक्षण शिबिरातील भाषण)



या सत्राचा विषय वाचून काही जणींनी विचारलं, की हिंसाचार, पोटगी, रेशन असे प्रश्न समोर असताना लॅपटॉपचे स्क्रू कसले काढायचे? प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

आपल्या बहुतेक गटांच्या कार्यालयात एक जुना लॅपटॉप असतो. कुणी देणगी दिलेला, किंवा एखाद्या प्रकल्पातून आलेला आणि प्रकल्प संपला तरी राहिलेला. त्यात काय असतं? सल्ला केंद्रात आलेल्या बायकांच्या नोंदी. कोणाला कोणी मारलं, ती आता कोणत्या गावी कोणाकडे राहते, मुलं कोणत्या शाळेत जातात, कोर्टाची तारीख कधी आहे. कागदाच्या फायली आपण कपाटात कुलपात ठेवतो, किल्ली कोणाकडे हे ठरलेलं असतं. पण हाच लॅपटॉप मंद झाला की आपण तो जसाच्या तसा दुकानात नेऊन देतो. वर पासवर्डची चिठ्ठी चिकटवतो. चार दिवस त्या बायकांची सगळी हकीकत परक्या टेबलावर पडून असते.

नुसता पासवर्ड म्हणजे कुलूप नव्हे. आतली माहिती सांकेतिक करून, म्हणजे एन्क्रिप्ट करून ठेवली नसेल, तर डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की सगळं वाचता येतं. दुरुस्ती करणारा भला माणूस असेलही. पण ज्या बाईने आपल्यावर विश्वास टाकला, तिने त्याच्यावर टाकलेला नाही. तेव्हा प्रश्न ताब्याचा आहे. मी असं म्हणते, की निदान डिस्क काढणं आणि बसवणं हे तरी प्रत्येक गटातल्या दोघींना आलंच पाहिजे. ते आलं की जुन्या यंत्राचं आयुष्य वाढवणंही आपोआप हातात येतं.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. यंत्र मंद आहे म्हणजे नेमकं काय अडलं आहे, ते आधी पाहायचं. विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतात. आपलं रोजचं काम चालू ठेवून पाच मिनिटं बघत बसा. डिस्कचा आकडा सतत शंभर टक्क्यांजवळ असेल तर दोष डिस्कचा. मेमरी काठोकाठ भरलेली असेल तर रॅम कमी पडते. नाडी न बघता औषध द्यायचं नाही, हा नियम इथेही लागू आहे.

उदाहरणासाठी इथे टेबलावर लेनोवोचा थिंकपॅड एक्स-२३० ठेवला आहे. हे २०१२ सालचं मॉडेल. जुन्या यंत्रांच्या बाजारात अजून मिळतं आणि उघडायला सोपं आहे. बॅटरी बाहेरून खटका सरकवून निघते. मेमरीचं झाकण तळाला आहे. डिस्क बाजूच्या एका छोट्या झाकणामागे आहे आणि त्या झाकणाला एकच स्क्रू आहे.

सुरुवात मात्र स्क्रूपासून करायची नाही. आधी सगळ्या नोंदींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची आणि ती उघडते का, हे पाहायचं. मग यंत्र बंद करा, चार्जर काढा, बॅटरी काढा, सुरू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा. आतल्या भागांना हात लावण्याआधी लोखंडी कपाटाला किंवा नळाला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. स्क्रू वाटीत ठेवा आणि कोणता कुठला ते कागदावर चित्र काढून लिहा. मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो डिस्क बदलल्याने. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते, बहुतेक लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५,४०० वेळा. तिच्यावर वाचणारा दांडा योग्य जागी पोचायला दर वेळी दहाएक मिलिसेकंद लागतात. यंत्र सुरू होताना अशा हजारो लहान फायली वाचल्या जातात, म्हणून आपण चहा करून येतो तरी पडदा तयार नसतो. एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं. तिला तेवढ्याच कामाला मिलिसेकंदाचा दहावा भागही पुरतो. या मॉडेलमध्ये अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी बसते. त्याहून जाड डिस्क बसत नाही, हे दुकानात लक्षात ठेवा.

दुसरा भाग रॅम. इथे दोन खाचा आहेत आणि दोन्ही मिळून १६ जीबीपर्यंत मेमरी बसते. आपल्या कामाला आठ पुरते. हिला डीडीआर-३ जातीची रॅम लागते. डीडीआर-४ची पट्टी हिच्यात बसतच नाही, कारण मधली फट वेगळ्या जागी असते. पट्टी तिरपी सरकवायची, मग हलकेच खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा टक् आवाज आला की बसली. जोर लावावा लागत असेल तर काहीतरी चुकतं आहे, थांबा. २०२५च्या अखेरीपासून मेमरीचे आणि त्यामागोमाग एसएसडीचेही भाव चढले आहेत, म्हणून बंद पडलेल्या लॅपटॉपांतल्या पट्ट्या टाकू नका.

तिसरा भाग बॅटरी. ती फुगलेली दिसली तर दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज करायची नाही. लिथियमची बॅटरी पेट घेते. ती ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्यायची.

आता आतल्या प्रणालीविषयी. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आपला हा तिसऱ्या पिढीचा. म्हणजे धडधाकट यंत्र केवळ नियमाने म्हातारं ठरवलं गेलं. अशा यंत्रावर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली चांगली चालते. मराठी इनस्क्रिप्ट कळफलकही तिच्यात आहे. ती बसवताना सगळी डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय विचारला जातो, तो निवडा. त्याचा परवलीचा शब्द दोघींना माहीत असू द्या. तो हरवला तर माहिती कोणालाच परत मिळणार नाही.

एक सावधगिरी. आपले जुने अहवाल श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतील, तर नव्या प्रणालीत ते अगम्य चिन्हं होऊन दिसतील. प्रणाली बदलण्याआधी ते युनिकोडमध्ये आणा, निदान पीडीएफ करून ठेवा. वीस वर्षांचं काम एका दुपारी वाचेनासं होऊ नये.

काढलेल्या जुन्या डिस्कचं काय? फायली पुसल्या किंवा झटपट फॉरमॅट केलं तरी माहिती परत काढता येते. नवं यंत्र नीट चालतं अशी खात्री होईपर्यंत ती डिस्क कपाटात कुलपात ठेवा. नंतर संपूर्ण डिस्कवर नवी माहिती लिहून जुनी मिटवण्याचं साधन वापरा, मगच ती बाहेर जाऊ द्या. नादुरुस्त असेल तर आतल्या चकत्या फोडूनच द्या.

सगळंच जुनं वाचवता येतं, असं मात्र नाही. हल्लीच्या पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम मूळ पाटीवरच डाखवून टाकलेली असते, ती वाढवता येत नाही. म्हणून देणगीदाराने नवा घेऊन देतो म्हटलं, तर आपण विचारायचं: रॅम वाढवता येते का, डिस्क निघते का, बॅटरी मिळते का? पंखा साफ करणं, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलणं ही कामं अवघड वाटली तर दुकानात द्या. पण डिस्क काढून घेऊन द्या.

यात आणखी एक बाजू आपल्या बायकांचीच आहे. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला, असं संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांचा अहवाल सांगतो. उरलेल्यातला बराचसा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांमध्ये उघड्या हाताने फोडला जातो, तारा जाळून तांबं काढलं जातं. जगभरात अनौपचारिक कचरा क्षेत्रात १ कोटी २९ लाख बायका काम करतात, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये नोंदवलं; शिसं आणि पाऱ्याचा धोका त्यांना आणि त्यांच्या पोटातल्या बाळांना आहे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली, तेव्हापासून आपण कचऱ्याकडे श्रमाचा प्रश्न म्हणून पाहायला शिकलो. आपण फेकलेलं यंत्र शेवटी कोणाच्या हातात जातं, हेही त्याच नजरेने पाहायला हवं.

“हे आपल्याला जमेल का?” असं कोणी म्हणेल. बांदा जिल्ह्यात महिला समाख्याच्या कामातून खेड्यातल्या, बहुतेक दलित बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. तेव्हाही पाना बायकांच्या हातात शोभत नाही, असंच म्हटलं गेलं होतं. शिवणयंत्राचा अडकलेला दोरा, कुकरचा व्हॉल्व्ह, मिक्सरचं पातं आपण रोज काढतो-घालतो. त्याला कोणी तंत्रज्ञान म्हणत नाही, इतकंच.

शेवटी तीन ठराव सुचवते. प्रत्येक गटाने दोघींना हे काम शिकवावं, आणि त्या दोघींनी वर्षभरात आणखी दोघींना शिकवावं. प्रत्येक यंत्राची एक वही ठेवावी; कोणता भाग कधी बदलला, प्रत कधी घेतली, याची नोंद त्यात असावी. आणि बायकांच्या नोंदी असलेली डिस्क आपल्यापैकी कोणीतरी शेजारी बसल्याशिवाय कोणाच्याही हाती देऊ नये.

स्क्रू-ड्रायव्हर चार आहेत. चौघी-चौघींचे गट करा आणि पुढे या.