रिपोर्ट नॉर्मल म्हणजे काय?

(वर्धा जिल्ह्यातील महिला आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. हसू नका! मोहाची कुठे उतरते, ते इथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. म्हणून तर लिव्हरच्या, म्हणजे यकृताच्या, रक्ततपासणीचा कागद आपल्या घरात येतो. पैसे पुष्कळदा बाईच्या मजुरीतले, कागद मात्र नवऱ्याच्या खिशात. तो सांगतो, 'रिपोट नॉर्मल हाय', आणि संध्याकाळी पुन्हा बसतो.

तो कागद आपण वाचायला शिकू. घोटाळा नावातच आहे. 'लिव्हर फंक्शन टेस्ट' म्हणजे यकृताच्या कामाची तपासणी. पण त्यातले एसजीओटी आणि एसजीपीटी हे आकडे काम दाखवत नाहीत, इजा दाखवतात. यकृताच्या पेशींना मार बसला की त्यांतली ही द्रव्ये रक्तात उतरतात. साधारण ४० पर्यंत ठीक. लॅबप्रमाणे थोडे कमीजास्त. दारूने सूज आली असेल तर बहुधा एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असते. मात्र वर्षानुवर्षे पिऊन यकृत आक्रसले, की मार बसायला पेशीच कमी उरतात. तेव्हा दोन्ही आकडे चक्क नॉर्मल येऊ शकतात. जळायचे ते जळून गेले की धूरही थांबतो, तसे.

काम पाहायचे तर अल्ब्युमिन पाहा आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहा. अल्ब्युमिन हे प्रथिन आणि रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतच तयार करते. अल्ब्युमिन साडेतीनच्या खाली, पोटात पाणी, पायांवर सूज, अशा माणसाचे एसजीपीटी ३० आले तरी तो बरा नाही. गोठण्याची तपासणी, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम, पुष्कळदा वेगळी सांगावी लागते. डॉक्टरांना विचारा, विचारायला लाजू नका.

आता आपल्याबद्दल. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत अल्कलाइन फॉस्फटेज वाढतेच, कारण ते वारेतूनही येते. त्याने घाबरू नका. पण एसजीपीटी किंवा बिलिरुबिन वाढले तर 'दिवस गेलेत म्हणून' असे कोणी सांगितले तरी ऐकू नका, कारण शोधायला लावा. बिलिरुबिन साधारण १ पर्यंत असते. अडीच-तीनच्या पुढे गेले की डोळे पिवळे दिसतात. दूषित पाण्यातून होणारी हेपटायटिस ई ही कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. आणि अशा बाईला आपण कावीळ उतरवायला, माळ घालायला नेतो! सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून आपल्याच जिल्ह्यात आहे. नवऱ्याला तिथवर न्यायला एसटीचे पैसे निघतात. तिच्यासाठी का निघत नाहीत?

टीबीच्या गोळ्या चालू असताना भूक मेली, उलट्या झाल्या, लघवी गडद पिवळी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्या गोळ्यांनीही यकृताला इजा होऊ शकते.

पुढच्या बैठकीला घरातले रिपोर्ट घेऊन या. त्याच्या खिशातला आणा, आणि तुमचा स्वतःचा कधी काढला असेल तर तोही.