कोणती रेघ पुन्हा काढायची?



नागपुरात जमलेल्या चित्रकार, ॲनिमेटर व विद्यार्थ्यांच्या या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून मी बोलतो आहे. सध्या आपल्या क्षेत्रात स्वतःच चित्र काढू पाहणाऱ्या नव्या यंत्रांचं कौतुक आहे, तशी धास्तीही आहे. म्हणून हातानं काढलेल्या चित्रपटानं आजवर तंत्र कसं आत्मसात केलं, हाच विषय मी घेतो.

आपल्याकडची सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासून होते. कुंडीतल्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून १९१२ साली त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. ‘राजा हरिश्चंद्र’साठी कर्ज मिळालं ते त्याच्या बळावर. १९१५च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्यांना हालचाल दिली. काडी जराशी सरकवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकवायची. ॲनिमेशनचं मर्म एवढंच आहे: दोन फ्रेमच्या मधे काय बदलायचं, हे माणसानं ठरवायचं.

काडी सरकवता येते. चित्र मात्र नव्यानं काढावं लागतं. बोलपटाच्या काळापासून सेकंदाला २४ फ्रेम लागतात. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं, तरी दहा मिनिटांच्या फिल्मला ७,२०० चित्रं हवीत. विन्सर मॅके यांच्या १९१४च्या ‘गर्टी’मध्ये डायनोसॉरबरोबर मागचे खडक आणि झाडही प्रत्येक कागदावर पुन्हा काढलेलं होतं. त्याच वर्षी अर्ल हर्ड यांनी पारदर्शक सेलच्या, म्हणजे सेल्युलॉइडच्या पातळ पत्र्याच्या, पेटंटसाठी अर्ज केला. पार्श्वचित्र एकदाच रंगवायचं आणि हलणारं पात्र वरच्या सेलवर काढायचं. कागद जागचा हलू नये म्हणून भोकं आणि खुंट्या आल्या, आणि स्टुडिओ उभे राहू शकले.

पण सेल पूर्ण पारदर्शक नसतो. थर वाढले की खालचा रंग मळकट दिसतो. मधेच एक थर कमी झाला, तर पात्राचा रंग पडद्यावर बदलतो. म्हणून गरज नसतानाही कोरे सेल घालून थरांची संख्या कायम ठेवत, आणि खालच्या थरासाठी रंगच थोडा उजळ कालवत. हे ज्ञान रंग कालवणाऱ्या हातांत होतं. इतिहासात मात्र त्या हातांची नावं क्वचितच सापडतात.

पुढे डिस्नेमध्ये अब आयवर्क्स यांनी झेरॉक्सचं तंत्र सेलवर आणलं. १९६१च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’मध्ये पेन्सिलची रेघ थेट सेलवर उतरली. ती सेलवर शाईनं गिरवण्याचं काम वाचलं आणि ॲनिमेटरच्या रेषेचा मूळ जोम टिकला. शाईच्या रंगीत, नाजूक रेषा मात्र गेल्या. प्रत्येक तंत्राचा हिशेब असा दोन्ही बाजूंनी मांडायला हवा.

इकडे महाराष्ट्रात ‘प्रभात’ फिल्म कंपनीनं १९३४ साली ‘जंबू काका’ हा ॲनिमेशनपट केला. १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले. तिथे १९५७ साली जातककथेवर ‘द बनियन डिअर’ तयार झाला. पद्धत हॉलिवूडची, पण चित्रशैली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून घेतलेली. त्याच विभागात ॲनिमेटर राम मोहन घडले. तंत्र बाहेरून घेऊनही रेघ आपली ठेवता येते, याचा हा भक्कम दाखला आहे.

या साऱ्या इतिहासात एक प्रश्न सतत दिसतो: कोणती रेघ पुन्हा काढायची आणि कोणती नाही? सेलनं पार्श्वचित्राची रेघ वाचवली, झेरॉक्सनं शाईची, संगणकानं रंगभरणाची. ज्या रेघेत पात्राचा विचार असतो, त्याचं वजन आणि त्याचा संकोच असतो, ती मात्र माणसाकडे राहिली. आजची यंत्रं तीही काढू पाहतात. यंत्राला विरोध करण्यात मला रस नाही. ती रेघ कोणाच्या निर्णयानं उमटली, याचं उत्तर देणारा माणूस प्रत्येक चित्रपटामागे असलाच पाहिजे, एवढा माझा आग्रह आहे.

त्यासाठी दोन कामं सुचवतो. सेलच्या काळात काम केलेल्या ज्येष्ठांच्या मुलाखती, त्यांची रेखाटनं आणि एक्स्पोजर शीट (कोणतं चित्र किती फ्रेम धरायचं याचे तक्ते) आपण जमवू, आणि त्यातून मराठीत तंत्राचं एक नीट पुस्तक तयार करू. तसंच आपल्या प्रत्येक ॲनिमेशन वर्गात पहिलं सत्र कागद-पेन्सिलीवरच घेऊ. ज्यानं चालण्याची हालचाल एकदा हातानं काढली आहे, त्याला यंत्राची चूक ओळखता येते. हे दोन ठराव आजच्या खुल्या अधिवेशनात मांडले जावेत, अशी विनंती करतो.